मागून आलेला हात

सत्कार आटोपला, गळ्यातले हार उतरवून झाले, शाल आणि नारळ ड्रायव्हर मल्हारनं गाडीत नेऊन ठेवला, आणि इंद्रजित रणवरे इंदापुरातल्या मंगल कार्यालयाच्या पायऱ्या उतरत असताना मागून दोन हात आले आणि त्याच्या डोळ्यांवर पडले. पुढचं त्यानं केलं असं म्हणता येणार नाही, ते झालं. त्याच्या हातानं त्यातलं एक मनगट धरलं, कोपर मागं गेलं, अंग कमरेतून वळलं, कट्‌ असा एक बारीक आवाज आला आणि पांढऱ्या सदऱ्यातला एक म्हातारा माणूस पायरीवर गुडघ्यांवर आला. बंदोबस्ताचे शिपाई धावले. पोरापोरींच्या घोळक्यातून कुणीतरी किंचाळलं. "घ्या याला," इंद्रजित म्हणाला, आणि मागं न बघता चार ढांगांत गाडीत जाऊन बसला. मल्हारनं गाडी हाणली. निवृत्त पोलीस महासंचालक, तालुक्याचा सुपुत्र, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मार्गदर्शन करायला आलेला पाहुणा, इंदापूरच्या रस्त्याला धूळ उडवत बारामतीकडं निघाला.

"कोन होता साहेब?" मल्हारनं आरशातनं विचारलं. मल्हार कळंबचा. साहेब निवृत्त होऊन बारामतीत राहायला आल्यापासून तो गाडीवर होता, पण साहेबांची नोकरी त्यानं फक्त ऐकली होती. आज पाहिली. त्याचे डोळे चमकत होते. "काय धरलाय तुमी त्याला! पार लोळवला की." खोटं कशाला सांगा, इंद्रजितला बरं वाटलं. साठी उलटली होती, गुडघे सकाळी कुरकुरायचे, बायको, राजलक्ष्मी, त्याला जिना जपून चढायला सांगायची, आणि तरीही शरीर आपलं काम विसरलं नव्हतं. त्यानं मनगट चोळलं. छाती धडधडत होती, ती भीतीनं नव्हे, जुन्या सवयीनं. बाहेर उसाचे फड मागं पळत होते. कारखान्यांचा हंगाम होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गाणी लावून रस्त्याच्या मधोमध चालले होते, आणि प्रत्येकाच्या मागं गाडी अडली की इंद्रजितचे डोळे आपोआप दोन्ही बाजूंच्या उसात शिरत होते. उसात माणूस उभा असला तर दिसत नाही. हे त्याला सणसरला लहानपणी लपाछपीत कळलं होतं आणि पुढं ईशान्येकडच्या डोंगरांत, बांबूच्या बनांत, दुसऱ्यांदा कळलं.

तिथं पहिली नेमणूक होती. बाजाराचा दिवस, फेरी मारायला निघालेला कोवळा साहेब, आणि त्याच्या मागं दोन पावलांवर चालणारा रक्षक, नेहमी दाढ दुखणारा, लवंग चघळणारा. एक म्हातारा हातात विणलेलं फडकं घेऊन मागून आला, पाहुण्याच्या गळ्यात घालतात तसलं. इंद्रजित हसत वळला. वळला म्हणून त्याला गोळी लागली नाही आणि वळला म्हणूनच रक्षक पुढं आला आणि ती त्याच्या छातीत गेली. फडक्याच्या घड्यांत पिस्तूल होतं ते नंतर कळलं. त्या रात्री इंद्रजितनं ठरवलं, आपण पुन्हा वळायचं नाही. पुढं नोकरीनं त्याला कुठं कुठं नेलं: दिल्लीत तपासाच्या खात्यात फायलींच्या ढिगात, एका परक्या देशात शांतिसेनेची निळी टोपी घालून दोन जमातींच्या मधल्या पुलावर, रेल्वेत, निमलष्करी दलात, आणि मधली काही वर्षं अतिमहत्त्वाच्या माणसांना जिवंत ठेवण्याच्या कामावर. तिथं त्यानं पोरांना शिकवण दिली आणि ती आजही दिली जाते. अंगावर कुणी आलं की आधी त्याला खाली घ्या, दुसऱ्यांच्या ताब्यात द्या, आणि आपला माणूस गाडीत घाला. कोण होता, का आला, ते मागाहून. मागं वळून बघायचं नाही. बघण्यात जो वेळ जातो त्यात माणूस जातो. मैदानावर उभा राहून तो हे ओरडायचा. त्याच्या या एका वाक्यानं किती जण वाचले कुणास ठाऊक. त्याचा त्याला अभिमान होता, आणि का नसावा?

सणसर जवळ आलं तसं वाहनांची रांग लागली. पुढं एका ट्रॉलीचं चाक कालव्याच्या पुलाजवळ खचलं होतं आणि ऊस रस्त्यावर सांडला होता. मल्हारनं इंजिन बंद केलं. काच खाली केल्यावर कालव्याच्या पाण्याचा गार वास आला. इंद्रजितनं डोळ्यांना हात लावला. पापण्यांवर काहीतरी चिकटल्यासारखं वाटत होतं. हात नाकाशी आला आणि तो थांबला. हाताला वास होता. मासळीचा. साबणानं घासून घासून धुतलेला, वर हिन्याच्या अत्तराचं बोट फिरवलेला, आणि तरी खाली उरलेला मासळीचा वास. हल्ला करायला निघालेला माणूस अत्तर लावून येत नाही. हे पोलिसाचं डोकं बोललं. दुसरं जे बोललं ते डोकं नव्हतं, पापणी होती. डाव्या डोळ्यावर पडलेला तळवा पुरा टेकला नव्हता. करंगळी वाकडी होती, बाहेर राहिली होती. ती करंगळी याच पुलाच्या कठड्यावरून उडी मारताना मोडली होती आणि गावच्या हाडवैद्यानं ती वाकडीच बसवली होती.

बादशाह.

बिस्मिल्लाचाचांचा बादशाह. बाजारपेठेत चाचांचं शिवणाचं दुकान होतं, आणि इंद्रजित दिल्लीला मुलाखतीला निघाला तेव्हा त्याच्या अंगातला कोट त्या दुकानातच शिवलेला. बटणं बादशाहनं लावली होती, आणि इतकी घट्ट की मुलाखतीआधी वरचं बटण निघता निघेना. पुढं तयार कपडे आले, दुकान बसलं, बादशाह भिगवणला सासऱ्याच्या मासळीच्या धंद्यात गेला. लग्नाची चिठ्ठी आली होती. इंद्रजित तेव्हा डोंगरात होता. पोरगी झाल्याचं कळलं. तो तेव्हा परदेशातल्या त्या पुलावर होता. पुढं काही कळलं नाही, आणि त्यानं कळवूनही घेतलं नाही. बारामतीला राहायला येऊनसुद्धा. भिगवण कितीसं लांब? बायकोला मासे आवडतात म्हणून दोनदा तिथं जाऊन जेवूनही आला होता, काचेच्या खोलीत बसून, आणि बाहेर बाजारात जाऊन "बादशाह कुठं बसतो" एवढं विचारायचं उद्यावर टाकलं होतं. बादशाहची पोरपणापासूनची ही एकच खोड. कुठंही असो, शाळेत, पाटाच्या कडंला, यात्रेत, मागून यायचं, डोळे झाकायचे आणि नाव सांगितल्याशिवाय हात काढायचा नाही. इंद्रजितला पहिल्या क्षणाला कळायचं. तरी तो मुद्दाम चुकीची नावं घ्यायचा. शेवटी म्हणायचा, "हिंदुराव?" हे इंद्रजितच्या वडिलांचं नाव. दोघंही हिंदुरावांना टरकून असायचे. ते नाव ऐकलं की बादशाहचे हात चटका बसल्यासारखे निघायचे आणि मग दोघं पोट धरून हसायचे.

इंद्रजितनं फोन काढला. सत्कारात पुढंपुढं करणारा तरुण फौजदार सौरभ, त्यानं आपला नंबर स्वतःच्या हातानं साहेबांच्या फोनमध्ये घालून दिला होता. पहिल्याच रिंगला उचलला. "जय हिंद सर! सर, तुम्ही अजिबात काळजी करू नका. चौकीत आणलाय त्याला. नाव बादशाह, भिगवणचा. तुमच्याजवळ कशाला गेला ते धड सांगत नाही. पण बोलता करतो सर, संध्याकाळपर्यंत सगळं बाहेर काढतो." बोलता करतो. इंद्रजितनं हे शब्द आयुष्यभर ऐकले होते आणि मान डोलावली होती. आता नुसतं तोंड उघडून सांगायचं होतं: अरे, तो माझा दोस्त आहे, सोड त्याला, त्याच्या हाताला बघ. एवढंच. पलीकडं तो पोरगा श्वास रोखून साहेबांच्या शाबासकीची वाट बघत होता. आणि साहेबांनी, स्वतःच्या दोस्ताचा हात मोडून त्याला चौकीत धाडणाऱ्या साहेबांनी, घसा साफ केला आणि म्हटलं, "बरं." फोन बंद झाला. इंद्रजित हातातल्या फोनकडं बघत राहिला. त्यानं पुन्हा लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. फोन उचलत नाही म्हणजे माणूस कामात आहे. कोणत्या कामात?

"मल्हार, गाडी वळव."

"आता? साहेब, हितं कुठं वळवू? म्होरं ट्रॉली, मागं ट्रॅक्टर..."

"वळव म्हणतो ना!"

मल्हारनं आरशात पाहिलं आणि गिअर टाकला. गाडी मागंपुढं करत, उसाच्या सांडलेल्या मोळ्यांवरून चाक चढवत, शिव्या खात वळली. आता ऊन समोरून येत नव्हतं, पाठीमागून येत होतं, आणि परतीचा तोच रस्ता वेगळा दिसत होता. इंद्रजितनं ज्यांना बोलतं केलं होतं त्यांची एक गोष्ट त्याला पक्की माहीत होती. माणसाला एकच प्रश्न परत परत विचारायचा. शब्द बदलायचा नाही, आवाज चढवायचा नाही. आधी तो खोटं बोलतो, मग गोष्ट रचतो, आणि कंटाळला की खरं बोलतो. त्यानं स्वतःला समोर बसवलं. त्यानं तुला हाक मारली होती का? नाही. गर्दी होती, पोरं सेल्फीसाठी ओरडत होती, कर्णा चालू होता. ऊस मागं पळत राहिला. त्यानं तुला हाक मारली होती का? मारली असेल. गुडघ्यांवर येताना तो काहीतरी ओरडला, पण दुखल्यावर माणूस ओरडतोच, आणि आपली शिकवण अशी की ऐकायचं नाही. त्या परक्या देशातल्या पुलावर एक बाई रोज पलीकडच्या काठावरून कुणाच्या तरी नावानं ओरडायची. तिचं ओरडणं नोंदवहीत जायचं, तपशील: निरर्थक. समोर रस्त्यावर एक बैलगाडी आडवी आली. मल्हारनं ब्रेक मारला. इंद्रजितचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. त्यानं तुला हाक मारली होती का?

मारली होती. "इंद्र्या," असं म्हणाला होता. कळवळून नाही. अगदी आश्चर्यानं. "इंद्र्या, आरं मी!" आणि ते ऐकल्यावर, ऐकल्यानंतर, मी म्हणालो, घ्या याला.

का म्हणालास? याचं उत्तर मात्र हवं तेवढं लवकर आलं, आणि ते इतकं क्षुद्र होतं की इंद्रजितला काच खाली करून तोंड बाहेर काढावंसं वाटलं. तिथं पोरं उभी होती. तासभर त्यांना तो शिस्त, निर्धार आणि राष्ट्र सांगून आला होता. त्यांच्यासमोर एका मासळीवाल्यानं त्याला इंद्र्या म्हटलं होतं, आणि त्यानं त्या मासळीवाल्याचा हात मोडला होता. वळून बघितलं असतं तर हे दोन्ही खरं झालं असतं. न बघता गाडीत बसलं तर तो फक्त हल्ला होता. शिकवणीचा एवढा चांगला उपयोग आजवर कुणी केला नसेल.

फोन लागेना. मल्हार आता भन्नाट हाणत होता आणि तरी रस्ता संपत नव्हता. एक ट्रॅक्टर ओलांडला की दुसरा. इंद्रजितच्या डोळ्यांसमोर चौकीची मागची खोली येत होती. सगळ्या चौक्यांची मागची खोली सारखी असते. खिडकी उंच, बाकडं भिंतीला, कोपऱ्यात मोडकी सायकल. त्या खोल्यांत त्यानं स्वतः कधी कुणावर हात टाकला नव्हता. तो दाराबाहेर उभा राहायचा, चहा पीत. अशा वेळी तो नेहमी फार गोड चहा मागायचा, हे त्याला आत्ता आठवलं. बादशाहला साखरेचा आजार असेल का? त्याच्या आईला होता. हाताला सूज आली असेल. तो काहीबाही उलट बोलला तर? लहानपणी तो उलट बोलायचा, मास्तरांनासुद्धा. देवा, आज तरी गप्प बस रे, असं इंद्रजित मनात म्हणाला, आणि आपण आयुष्यात पहिल्यांदा आरोपीनं गप्प बसावं म्हणून प्रार्थना करतोय हे त्याच्या ध्यानात आलं.

चौकीच्या दारात शिपायानं टाचा जुळवल्या. आत सौरभ टेबलामागून उठताना खुर्ची पाडता पाडता वाचला. "सर! तुम्ही कशाला त्रास घेतलात? फोन चार्जिंगला होता सर, मी बाहेर..." इंद्रजितनं त्याच्याकडं पाहिलं नाही. मागच्या खोलीत नव्हे, समोरच, भिंतीकडच्या बाकड्यावर बादशाह बसला होता. त्याला कुणी हात लावलेला नव्हता. लावायची गरजही नव्हती. त्याचा हात मनगटापासून फुगून निळा पडला होता आणि त्यानं तो स्वतःच्या उपरण्यात बांधून छातीशी धरला होता. पांढरा सदरा नवा होता, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. दाढी पांढरी झाली होती. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बसली होती, पदरात तंबाखूची चंची घेऊन. इंद्रजित आत आला तसा बादशाह उठून उभा राहिला. बाकड्याला चांगला हात टेकून, हळू, पण उभा राहिला.

"सर, ओळखीत गफलत झाली म्हणतो," सौरभ सांगू लागला. "गावाकडचा कुणी दोस्त समजला तुम्हाला. मी म्हटलं, साहेबांचे एवढे फ्लेक्स लागलेत, तरी कळलं नाही? तर म्हणतो, चेहरा तसाच होता, मानूस न्हवं. काय करायचं सर? माफी मागायला तयार आहे."

म्हणजे बादशाहनं वाट काढून ठेवली होती. इंद्रजितनं फक्त मान हलवायची, सोडून द्या म्हणायचं, थोर मनाचा माणूस म्हणून बाहेर पडायचं. चौकीत सगळे उभे होते, शिपाई, लेखनिक, दारात मल्हार.

"गफलत नाही," तो म्हणाला. आवाज त्याला हवा तसा आला नाही. "मीच तो. हा माझा दोस्त आहे. सणसरचा. याचा हात मी मोडलाय." सौरभचं तोंड उघडंच राहिलं. इंद्रजित एक पाऊल पुढं गेला. "बादश्या. आरं, मी. इंद्र्या."

बादशाहनं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. राग असता तर इंद्रजितनं तो आनंदानं घेतला असता. बादशाह बघत होता ते मासळीचा ढीग बघावा तसं, ताजी आहे की नाही ते.

"न्हाय साहेब," तो म्हणाला. "तुमी न्हाय. आमचा इंद्र्या लई भित्रा हुता. पर हात लागला की वळखायचा. चूक माझीच हाय. म्हाताऱ्या मानसानं असं कुनाच्या बी डोळ्याव हात ठिवू न्हाय."

"बादश्या, दवाखान्यात चल. गाडी आहे. मी स्वतः..."

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली आणि तिशी उलटलेली एक बाई धापा टाकत आत आली. ओढणी खांद्यावरून घसरलेली, चपला बदललेल्या, एक स्वतःची, एक दुसऱ्या कुणाची. "अब्बा!" तिनं तो हात पाहिला आणि तिचा चेहरा पडला. ही शबीना. हिच्या जन्माची बातमी त्यानं त्या परक्या पुलावर वाचली होती आणि घडी करून खिशात ठेवली होती. शबीना खोलीभर नजर फिरवून इंद्रजितपाशी आली, कारण सगळे त्याच्याकडं बघून उभे होते, म्हणजे मोठा साहेब हाच. तिनं त्याच्यापुढं हात जोडले.

"साहेब, सोडा त्यांना. पाया पडते. त्यांचं वय झालंय, त्यांना समजत न्हाय. परत न्हाय यायचे तुमच्या वाटंला. मी घरातनं भाईर पडू देनार न्हाय."

"मी..." इंद्रजित म्हणाला. सांगायचं काय? मी तुझा चाचा? तो बादशाहकडं बघत राहिला. बादशाहनं मान खाली घातली होती. "घेऊन जा," इंद्रजित शेवटी म्हणाला, "आधी दवाखान्यात ने. माझा ड्रायव्हर..." "नगं साहेब, नगं," ती पटकन म्हणाली आणि बाप आणि तो यांच्या मधे उभी राहिली, "स्कूटर हाय. जातो आमी." तिनं बापाचा चांगला हात आपल्या खांद्यावर घेतला. दारातून जाताना तिनं विचारलेलं इंद्रजितला ऐकू आलं, "अब्बा, कशाला गेलावता तितं?" आणि बादशाहचं उत्तर मात्र स्कूटरच्या आवाजात गेलं.

सौरभ जवळ आला. "सर, मला खरंच कल्पना नव्हती. आत केबिनमध्ये बसा ना, चहा सांगतो." इंद्रजितनं डोकं हलवलं आणि बाकड्यावर बसला, बादशाह बसला होता तिथं. तो बसला तरी बाकीच्यांना बसता येईना. सौरभ सावधान उभा, लेखनिक पेन हातात घेऊन उभा, शिपाई दारात ताठ. कुणाला काय करावं कळेना. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. म्हातारी बाकड्यावर तशीच बसून होती. तिची शेळी चोरीला गेली होती, सकाळपासून ती तक्रार द्यायला थांबली होती आणि या सगळ्या गोंधळात तिच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं. "गोजरबाई, उठा जरा, साहेब बसलेत," शिपाई दबक्या आवाजात म्हणाला. गोजरबाईला ऐकू कमी येत असावं. तिनं चंची बांधली, शेजारी येऊन बसलेल्या माणसाकडं वळून पाहिलं, त्याचा घामेजलेला चेहरा, चुरगळलेला नेहरू शर्ट.

"तुला कशापायी आनलंय रं बाबा?" तिनं विचारलं.

सौरभ एकदम पुढं झाला. इंद्रजितनं त्याला हातानं थांबवलं.

"दोस्ताचा हात मोडला, मावशी."

गोजरबाईनं त्याला खालवर बघितलं. मग पिशवी मांडीवर घेऊन ती थोडी सरकली, त्याला नीट बसता यावं म्हणून.

"बस मग," ती म्हणाली. "हितं लवकर सोडत न्हायत."